पिएर बोनार यांचे आयुष्य आणि चित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिएर बोनार कोण होते?

पिएर बोनार (3 ऑक्टोबर 1867 – 23 जानेवारी 1947) हे फ्रेंच चित्रकार. जन्म पॅरिसलगतच्या फोंतने-ओ-रोझ या गावातला आणि मृत्यू दक्षिणेकडच्या ल काने येथे, स्वतःच्या घरात. जवळजवळ साठ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी तैलचित्रे, भित्तिपत्रके, शिलामुद्रिते (दगडावर रेखून छापलेली चित्रे), पुस्तकांतील चित्रे, नाटकांचे नेपथ्य असे बरेच काही केले. आज मात्र त्यांचे नाव घेतले की जेवणाचे टेबल, उघडी खिडकी, बाग आणि न्हाणीघरातली स्त्री एवढेच डोळ्यांसमोर येते. विषयांचा हा परीघ लहान आहे हे खरे, पण तो त्यांनी जाणूनबुजून लहान ठेवला होता आणि त्यामागचे कारण त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीत सापडते. ती पद्धत होती आठवणीतून रंगवण्याची. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल, कारण तो बाजूला ठेवला तर बोनार नुसते गोड रंगांचे चित्रकार उरतात.

नावाचा उच्चार ‘बोनार्ड’ की ‘बोनार’?

बोनार. फ्रेंचमध्ये शेवटचा ‘ड’ उच्चारत नाहीत. मराठीत दोन्ही रूपे छापलेली आढळतात.

ते मुळात वकील होते, हे खरे आहे का?

होय. वडील युद्धखात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि मुलाने सरकारी नोकरीत स्थिर व्हावे अशी घरची अपेक्षा होती, म्हणून बोनार यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, 1888 मध्ये पदवी मिळवली आणि पुढच्या वर्षी वकिलीची शपथही घेतली. पण अभ्यास चालू असतानाच ते आकादेमी ज्युलियाँ या खासगी कलाशाळेत जाऊ लागले होते. तिथे पोल सेर्यूझिए आणि मोरिस दनी हे तरुण चित्रकार भेटले, तर सरकारी कलाशाळेत एदुआर व्युइयार आणि केर-झाविए रुसेल.

निर्णय झाला तो एका जाहिरातीमुळे. ‘फ्रान्स-शाम्पेन’ या मद्याच्या भित्तिपत्रकाची स्पर्धा बोनार यांनी 1889 मध्ये जिंकली आणि त्यांना 100 फ्रँक मिळाले. पत्रक 1891 मध्ये पॅरिसच्या भिंतींवर लागले. हसरी तरुणी, हातात उसळता प्याला आणि त्यातून उतू जाऊन कागदाचा खालचा भाग व्यापणारा फेस. ठसठशीत काळी रेघ, मोजके सपाट रंग आणि जणू हातानेच घाईघाईत लिहिलेली अक्षरे. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांना ते इतके आवडले की त्यांनी त्याचा छापखाना शोधून काढला, आणि त्याच वर्षी लोत्रेक यांचे ‘मुलँ रूज’ या पॅरिसमधील नृत्यगृहाचे गाजलेले भित्तिपत्रक आले. शंभर फ्रँक काही मोठी रक्कम नव्हती, पण चित्रे काढून पैसे मिळतात हे घरच्यांना दिसले, आणि वकिलीचा विषय संपला.

‘नबी’ हा गट काय होता?

1888 च्या उन्हाळ्यात सेर्यूझिए ब्रिटनीतील पोंत-आव्हाँ या गावी गेले. तिथे चित्रकार पोल गोगँ यांनी त्यांना शेजारी उभे करून एक लहानसे निसर्गचित्र काढून घेतले. झाड पिवळे दिसते ना, मग तुझ्याजवळचा सर्वांत चांगला पिवळा लाव, अशा धाटणीचा तो धडा होता. ती छोटी फळी सेर्यूझिए यांनी पॅरिसला आणली, मित्रांनी तिला ‘ताईत’ असे नाव दिले आणि तिच्याभोवती जो गट जमला तो स्वतःला ‘नबी’ म्हणवू लागला. हा शब्द हिब्रूतला, अर्थ प्रेषित. मराठी वाचकाला तो अरबीतून आलेल्या ‘नबी’मुळे ओळखीचा आहे, आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे.

चित्र म्हणजे दिसलेल्या दृश्याची नक्कल नसून सपाट पृष्ठभागावर विशिष्ट क्रमाने मांडलेले रंग होत, ही या गटाची भूमिका. दनी आणि सेर्यूझिए यांना त्यात धार्मिक, गूढ अर्थही दिसत असे. बोनार यांना सिद्धांतांत फारसा रस नव्हता. मित्रांनी त्यांना दिलेले टोपणनाव ‘अगदी जपानी नबी’ असे होते.

‘जपानी’ कशामुळे?

1890 मध्ये पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत जपानी लाकूडठशांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. दूरचे आणि जवळचे एकाच पातळीवर आणणारी सपाट रचना, कडेला अर्धवट कापलेली माणसे, कापडावरच्या नक्षीला माणसाइतकेच महत्त्व, या गोष्टी बोनार यांनी तिथून उचलल्या. 1891 मधील ‘बागेतल्या स्त्रिया’ हे चार उभे फलक त्याचा उत्तम दाखला आहेत. आधी त्यांची एक घडीची पडदी व्हायची होती, पण नंतर त्यांनी फलक सुटे केले. त्यातल्या एका झग्यावरच्या चौकड्या पाहाव्यात. कापडाच्या चुण्यांबरोबर त्या वळत नाहीत, सरळ कागदावर छापल्यासारख्या बसतात, आणि तरीही आतल्या शरीराची जाणीव होते. चौकड्यांचे हे वेड पुढे टेबलावरच्या चादरींत आणि न्हाणीच्या फरशांत आयुष्यभर टिकले.

छपाई आणि रंगभूमीशी त्यांचा संबंध किती होता?

पहिल्या दशकात बराच. ‘ला रेव्ह्यू ब्लांश’ या मासिकासाठी त्यांनी 1894 मध्ये भित्तिपत्रक केले. कलाविक्रेते आंब्रवाझ व्होलार यांनी 1899 मध्ये त्यांच्या पॅरिसच्या रस्त्यांवरील रंगीत शिलामुद्रितांचा संच प्रकाशित केला. बहिणीचे यजमान क्लोद तेरास संगीतकार होते, आणि 1896 मध्ये आल्फ्रेद जारी यांच्या ‘उब्यू राजा’ या खळबळजनक नाटकाचे संगीत त्यांचे होते, तर पडदे रंगवण्यात बोनार यांचा हात होता. बोनार यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन त्याच वर्षी कलाविक्रेते द्युरां-र्‍युएल यांच्या दालनात झाले.

मार्थ कोण होत्या?

1893 मध्ये पॅरिसच्या रस्त्यात बोनार यांना एक तरुणी भेटली. कृत्रिम फुले बनवणाऱ्या दुकानात ती काम करत होती. आपले नाव मार्थ द मेलिञी आहे आणि वय सोळा, असे तिने सांगितले. प्रत्यक्षात त्या चोवीस वर्षांच्या होत्या, नाव मारिया बूर्सँ, आणि खानदानी वाटणाऱ्या त्या आडनावाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचे वडील मध्य फ्रान्समधील एका गावातले सुतार होते. खरे नाव बोनार यांना कळले ते 1925 मध्ये, नोंदणी पद्धतीने विवाह करताना. म्हणजे बत्तीस वर्षे एकत्र काढल्यानंतर.

मार्थ या त्यांच्या तीनशेहून अधिक कलाकृतींमध्ये आहेत. त्या स्वतःही चित्रे काढत असत आणि 1924 मध्ये ‘मार्थ सोलांज’ या नावाने त्यांचे प्रदर्शन झाले होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. मार्थ यांना केवळ आजारी, संशयी आणि नवऱ्याला मित्रांपासून तोडणारी बाई म्हणून रंगवण्याची प्रथा जुन्या लेखनात आहे. बोनार यांचे मित्र या गोष्टी सांगत होते आणि मित्रांची बाजू ती मित्रांचीच असते, हे वाचकाने लक्षात ठेवलेले बरे.

न्हाणीघरातली चित्रे इतकी का आहेत?

मार्थ यांची प्रकृती नाजूक होती. त्या काळी डॉक्टर जलोपचार सुचवत, आणि मार्थ दिवसातला बराच वेळ टबात घालवत. ल कानेचे घर घेतल्यावर तिथे वाहत्या पाण्याची न्हाणी करून घेतली गेली. एवढे झाले बाहेरचे कारण. आतले कारण चित्रांतच दिसते. ‘टब’ (1925), ‘टबातील नग्निका’ (1936) आणि ‘टबातील नग्निका आणि छोटा कुत्रा’ (1941–46) या मालिकेत पाणी शरीराच्या कडा विरघळवत जाते आणि शेवटच्या चित्रात तर शरीर, पाणी आणि भिंत हे सगळे एकाच प्रकाशाचे बनलेले वाटते. त्या चित्रातली फरशी निळ्या, पिवळ्या, जांभळ्या, नारिंगी तुकड्यांनी झगमगते, पायपुसण्यावर त्यांचा लाडका आखूड पायांचा डाक्सहुंड बसलेला आहे आणि टब कडांनी वाकडा होत एखाद्या शिंपल्यासारखा उघडला आहे. खऱ्या न्हाणीत यातले काहीच नव्हते. ती साधी, पांढऱ्या फरशांची खोली होती.

आणखी एक गोष्ट. 1941 मध्ये हे चित्र सुरू झाले तेव्हा मार्थ सत्तरी ओलांडलेल्या होत्या, 26 जानेवारी 1942 रोजी त्या वारल्या आणि चित्राचे काम त्यानंतर चार वर्षे चालले. टबातले शरीर मात्र तरुणच राहिले. बोनार यांनी मार्थ यांना कधी म्हातारे होऊ दिले नाही.

रने मोंशाती हे प्रकरण काय आहे?

रने मोंशाती या तरुणीशी बोनार यांचे संबंध जुळले होते. 1921 मध्ये दोघे रोमलाही जाऊन आले. शेवटी त्यांनी मार्थ यांची निवड केली आणि ऑगस्ट 1925 मध्ये विवाह केला. त्यानंतर महिन्याभरातच रने यांनी आत्महत्या केली.

या घटनेबद्दल बरेच रंगवून लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याचे कारण नाही. चित्रापुरते बोलायचे तर ‘बागेतल्या तरुणी’ हे चित्र पाहावे. ते 1921 ते 1923 या काळात सुरू झाले, मग बाजूला पडले आणि 1945–46 मध्ये, दोघीही हयात नसताना, बोनार यांनी ते पुन्हा हाती घेतले. मध्यभागी सोनेरी केसांच्या रने आपल्याकडे वळून हसताहेत, आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीने कापलेला, मार्थ यांचा चेहरा आहे, रने यांच्याकडे बघणारा. मागची पार्श्वभूमी त्यांनी पिवळ्याने भरून टाकली.

ते समोर पाहून चित्र काढत नसत, मग कसे काढत?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. खिशात मावेल अशी दैनंदिनी ते जवळ बाळगत आणि रोज फिरायला जाताना किंवा घरातल्या घरात दिसलेल्या गोष्टीचे पेन्सिलने झटपट रेखाटन करत. ते काडेपेटीएवढेही असे. शेजारी त्या दिवशीच्या हवामानाचा एक शब्द: स्वच्छ, ढगाळ, पाऊस. कधी रंगाची नोंद असे, जसे की थंड पण निरभ्र दिवशी करड्यात जांभळा आणि नारिंगी सावल्यांत शेंदरी दिसतो. मग चित्रशाळेत परतल्यावर ते या रेखाटनांवरून, पण मुख्यतः आठवणीतून, रंगवत.

कारण त्यांनीच सांगितले आहे. वस्तू समोर असली की चित्रकार तिच्या तपशिलात अडकतो आणि पहिल्या क्षणी मनाला जे भिडले ते हातातून निसटते, अशी त्यांची धारणा होती. खोलीत शिरताच एका दमात डोळ्यांना जे दिसते ते दाखवायचे होते, आणि अशा पहिल्या नजरेत टेबलावरची फळांची परडी ठळक असते पण कोपऱ्यात बसलेले माणूस दिसत नाही. म्हणून त्यांच्या चित्रांत माणसे उशिरा सापडतात. पडद्याचा पट्टा वाटावा तिथे एक चेहरा असतो, खुर्चीवर मांजर असते, टेबलाखाली कुत्रा. मिनिटभर पाहत राहिल्यावरच ते उमगते. रेखाटन म्हणजे संवेदना आणि रंग म्हणजे विचार, असे त्यांनी एके ठिकाणी टिपून ठेवले आहे. सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो.

कामाची मांडणीही निराळी. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणलेला नसे. मोठे कापड ते सरळ भिंतीला टाचण्यांनी ठोकत, त्यावर शेजारी शेजारी दोन-तीन चित्रे एकाच वेळी चालू ठेवत, एका चित्रासाठी मिसळलेला रंग दुसऱ्यालाही थोडा लावत आणि चित्राची कड कुठे येणार हे शेवटी ठरवून कापड कापत. हॉटेलच्या खोलीतही ते असेच काम करत. ल कानेची त्यांची चित्रशाळा इतकी लहान होती की मोठ्या चित्रापासून मागे सरायलाही पुरेशी जागा नव्हती.

विकलेली चित्रेही ते पुन्हा रंगवायचे का?

एक चित्र वर्षानुवर्षे हातावेगळे होत नसे, हे त्यांच्या तारखांवरूनच दिसते. संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्या चित्रावर, मित्र व्युइयार पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवत असताना, खिशातून रंगांची छोटी पेटी काढून ते एखादा ठिपका सुधारत, असा किस्सा सांगतात. फ्रेंच चित्रकारांत ‘बोनार करणे’ म्हणजे संपलेले काम पुन्हा पुन्हा चाळवत बसणे, असा वाक्प्रचारच रूढ झाला.

मग त्यांना दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) म्हणावे का?

म्हणू नये, असे माझे मत आहे. 1912 मध्ये त्यांनी सेन नदीकाठच्या व्हेर्नोने येथे ‘माझी रूलोत’, म्हणजे भटक्यांची गाडी, या नावाचे छोटे घर घेतले. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने यांचे गाव झिव्हेर्नी तिथून जवळच, आणि दोघांचे येणे-जाणे होते. पण मोने उघड्यावर, प्रकाश बदलण्याच्या आत, समोरचे पकडू पाहत. बोनार तोच प्रकाश घरात आणून महिनोन्महिने मुरवत. 1913 मधले ‘खेड्यातली भोजनखोली’ हे चित्र या घरातलेच. उघडे दार, लालसर भिंत, टेबलावर निळसर पांढरी चादर, दोन खुर्च्यांवर दोन मांजरे आणि खिडकीच्या कठड्यावर बाहेरून रेलून आत बघणाऱ्या मार्थ. त्यातली चादर दुपारच्या कुठल्याही एका क्षणी तशी दिसली नसेल. अनेक दुपारी तिथे एकावर एक रचल्या आहेत.

दक्षिण फ्रान्सला ते केव्हा गेले?

1909 मध्ये ते सँ-त्रोपे येथे काही काळ राहिले. तिथला समुद्र, पिवळ्या भिंती, आणि प्रकाशाइतक्याच रंगीत सावल्या पाहून, हे तर अरेबियन नाइट्ससारखे आहे, असे त्यांनी आईला कळवले. पुढे दरवर्षी जाणे सुरू झाले. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी कान शहराच्या वरच्या टेकडीवर, ल काने येथे, ‘ल बोस्के’ हे गुलाबी रंगाचे घर विकत घेतले. त्याच वर्षी कार्नेगी कलाप्रदर्शनाचे परीक्षक म्हणून ते अमेरिकेतील पिट्सबर्गला जाऊन आले. 1939 मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर मात्र ल काने हेच त्यांचे कायमचे घर झाले.

पिकासो यांना त्यांची चित्रे आवडत नसत, हे खरे आहे का?

पिकासो यांच्या सहचरी राहिलेल्या चित्रकार फ्रांस्वाझ जिलो यांनी नोंदवल्याप्रमाणे, पिकासो बोनार यांच्या कामाला अनिर्णयाची खिचडी मानत. आभाळ रंगवताना आधी निळा, मग थोडा जांभळा, मग गुलाबी, असे करत राहण्यात धीटपणा नाही, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप पूर्ण चुकीचा नाही. बोनार खरोखरच निर्णय लांबवत. फक्त पिकासो ज्याला दुबळेपणा म्हणतात, तोच त्या चित्रांचा विषय आहे असेही म्हणता येते.

चित्रकार आंरी मातीस यांचे मत उलट होते. दोघांचा पत्रव्यवहार 1925 मध्ये मातीस यांच्या एका पोस्टकार्डाने सुरू झाला. त्यावर मजकूर एवढाच, ‘चित्रकलेचा विजय असो!’ हा पत्रव्यवहार बोनार यांच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चालला. प्रकृती, हवामान, युद्धकाळातली टंचाई आणि कामातले अडथळे, असे म्हाताऱ्यांचे बोलणे त्या पत्रांत आहे. बोनार यांच्या मृत्यूनंतर कलासमीक्षक क्रिस्तियाँ झेर्व्होस यांनी ‘काये दार’ या कलाविषयक नियतकालिकात ‘पिएर बोनार हे मोठे चित्रकार आहेत का?’ असा लेख लिहून उत्तर नकारार्थी दिले. संतापलेल्या मातीस यांनी आपल्या प्रतीवर लिहून ठेवले की होय, बोनार आजच्या काळासाठी मोठे चित्रकार आहेत आणि भविष्यकाळासाठी तर नक्कीच, हे मी प्रमाणित करतो. तारीख जानेवारी 1948, खाली सही.

‘आनंदाचे चित्रकार’ हे विशेषण योग्य आहे का?

अर्धेच. उन्हात न्हालेली टेबले पाहून हे विशेषण पडले. 17 जानेवारी 1944 रोजी त्यांनी दैनंदिनीत लिहिले, ‘जो गातो तो नेहमी सुखी असतोच असे नाही.’ त्यांची स्वचित्रे पाहिली तर हे आणखी पटते. 1931 मधील ‘मुष्टियोद्धा’मध्ये एक किडकिडीत, उघडा माणूस आरशासमोर मुठी आवळून उभा आहे, आणि त्या मुठीत कोणाला पाडण्याचे बळ नाही. नंतरच्या न्हाणीच्या आरशातल्या स्वचित्रांत चेहरा इतका झिजला आहे की डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या उरल्या आहेत. रंग मात्र तिथेही ऊबदार आहेत. हीच विसंगती मला त्यांच्या कामात सर्वांत मोलाची वाटते.

त्यांचे शेवटचे चित्र कोणते?

‘बहरलेले बदामाचे झाड’ (1946–47). ल कानेतल्या त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीतून हे झाड दिसे, आणि दर हिवाळ्याअखेर ते फुलले की त्यांना ते रंगवावेसे वाटे. निळ्या आभाळावर पांढऱ्या फुलोऱ्याचा स्फोट झाला आहे, असे हे छोटेसे चित्र. जानेवारी 1947 मध्ये, अंथरुणाला खिळलेले असताना, डाव्या कोपऱ्यातला जमिनीचा हिरवा तुकडा चुकला आहे, तिथे पिवळा हवा, असे त्यांना वाटू लागले. हातात ब्रश धरण्याचे बळ नव्हते, म्हणून त्यांनी भाचे शार्ल तेरास यांची मदत घेऊन तो पिवळा लावला. काही दिवसांत, 23 जानेवारीला, ते गेले. वय 79.

मृत्यूनंतर खटला कशावरून झाला?

मार्थ गेल्या तेव्हा पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची मोजदाद होऊन चित्रशाळेला टाळे लागण्याची भीती बोनार यांना वाटली. ते टाळण्यासाठी, सर्व काही पतीला दिले आहे असे मृत्युपत्र त्यांनी मार्थ यांच्या नावे, मागची तारीख टाकून, स्वतःच लिहिले. कायद्याच्या पदवीधराला हे काय ठरते ते चांगले माहीत असणार. त्यांच्या मृत्यूनंतर हा बनाव उघडकीला आला, मार्थ यांच्या नातलगांनी हक्क सांगितला आणि चित्रशाळेतली शेकडो चित्रे वर्षानुवर्षे अडकून पडली. अपुरे चित्र ही मालमत्ता की अजून केवळ चित्रकाराच्या मनातली गोष्ट, हा त्यातला कायद्याचा कळीचा प्रश्न होता. 1956 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रे सामाईक मालमत्तेत धरली, पण त्यांत बदल करण्याचा किंवा ती नष्ट करण्याचा चित्रकाराचा अधिकार अबाधित ठेवला. आयुष्यभर ‘हे अजून पुरे झालेले नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न कोर्टात जावा, हे विलक्षणच.

चित्रे कुठे पाहता येतात?

पॅरिसमध्ये ओर्से संग्रहालयात सुरुवातीचे नबी काळातले फलक आणि ‘मुष्टियोद्धा’ आहेत, ‘बदामाचे झाड’ पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे, 1936 ची ‘टबातील नग्निका’ पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात. लंडनच्या टेटकडे ‘टब’ आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनचा फिलिप्स संग्रह बोनारसाठी फार चांगला. ‘खेड्यातली भोजनखोली’ मिनियापोलिसला आणि कुत्र्यासह टबाचे चित्र पिट्सबर्गला आहे. ल काने येथे 2011 पासून त्यांच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

छापील पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर या चित्रांचे फार नुकसान होते. जवळजवळ सारख्याच उजळपणाचे जांभळे, करडे आणि फिके पिवळे रंग शेजारी शेजारी असल्यामुळे छपाईत ते एकमेकांत मिसळून जातात आणि कोपऱ्यातले ते उशिरा सापडणारे माणूस सापडतच नाही. प्रत्यक्ष चित्रासमोर उभे राहण्याची संधी मिळाली तर आधी चार-पाच पावले मागून पाहावे, मग कडांकडे, आणि शक्य असल्यास दालनातून एक फेरी मारून परत यावे.